येळवस : रेणापूर परिसरातील एका शेतीसणाचे नाव, अन्न आणि शिवार

१

मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी लातूर जिल्ह्यातील गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. घराला कडी घालून, डोक्यावर आंबिलाची बिंदगी आणि हातात भाकरीची दुरडी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे शेताकडे निघतात. ज्यांना शेत नाही त्यांना ज्यांना आहे त्यांचे बोलावणे असते. शासकीय दप्तरातही या दिवसाची नोंद झालेली आहे, कारण लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करीत असतात. छापील दिनदर्शिका आणि वृत्तपत्रे या सणास 'वेळ अमावास्या' अथवा 'दर्श वेळा अमावास्या' असे म्हणतात. रेणापूर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मात्र त्याला 'येळवस' म्हणतो. यांपैकी कोणते रूप मूळचे आणि कोणते मागाहून घडविलेले, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दव्युत्पत्तीचा वाटतो. परंतु तो सोडवू जाता या प्रदेशाची भाषिक घडण, त्याची पीकपद्धती आणि त्याचे अन्न या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत हे दिसून येते, आणि आज त्या गुंतवणीचा कोणता धागा तुटत आहे याचाही उलगडा होतो.

रेणापूर हे लातूरच्या उत्तरेस थोड्या अंतरावर, रेणा नदीच्या परिसरात वसलेले गाव असून आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील रेणुकादेवीचे स्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. रेणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. बालाघाटच्या पठाराचा हा भाग काळ्या, चिकण, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचा आहे. पाऊस सरासरीने सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. परंतु तो बेभरवशाचा असल्यामुळे येथील शेतीचे सारे शहाणपण आकाशातून पडलेल्या पाण्यापेक्षा जमिनीत मुरलेल्या ओलीच्या हिशोबावर उभे राहिलेले आहे. हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास पेरलेली रब्बी ज्वारी पुढे फारशा पावसावाचून त्या ओलीवर वाढते. येळवस हा सण याच ज्वारीच्या वाढीतील एका विशिष्ट अवस्थेशी निगडित आहे.

२

नावाचा विचार करण्यापूर्वी प्रदेशाच्या भाषिक पूर्वेतिहासाकडे पाहणे अवश्य आहे. राष्ट्रकूटांच्या आणि पुढे रट्ट सामंतांच्या कोरीव लेखांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' अशा अर्थाचे बिरुद येते, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर होय असे बहुतेक इतिहासकार मानतात. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळी रचल्या गेलेल्या 'कविराजमार्ग' या कानडी ग्रंथाने कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याण ही येथून फार दूर नाही. मराठीचे राज्य या भूमीवर पुढे दृढ झाले. परंतु कानडीचा शेजार कधीच संपला नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच राज्यात नांदत होत्या. आजच्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत होते. त्या वर्षी ते उस्मानाबादेस जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शं. बा. जोशी यांनी १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती' या ग्रंथात मराठी जीवनातील कानडी थरांचा प्रश्न हिरिरीने मांडला होता. त्यांचे सारेच निष्कर्ष मान्य होण्याजोगे नसले, तरी ज्या प्रदेशात हे थर आजही उघडे दिसतात त्यांत मांजरेच्या खोऱ्याची गणना करावी लागते.

येळवस हा सण महाराष्ट्रात सर्वत्र पाळला जात नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि नांदेडचे लातूरलगतचे तालुके एवढेच त्याचे मराठी क्षेत्र. पुणे, नाशिक किंवा विदर्भ येथील शेतकऱ्यास तो ठाऊक नाही. उलट सीमेपलीकडील बिदर, कलबुर्गी, विजयपूर, धारवाड या कानडी जिल्ह्यांत तो त्याच तिथीस, तितक्याच थाटाने होतो. सणाचे क्षेत्र आणि भाषासंपर्काचे क्षेत्र असे एकमेकांवर बसत असताना नावाचा शोध केवळ मराठीच्या चौकटीत घेणे युक्त ठरणार नाही.

३

नावाचे तीन उलगडे प्रचलित आहेत. पहिला उलगडा 'वेळ' म्हणजे समय असा. दुसरा उलगडा कानडी 'एळु' म्हणजे सात या संख्यावाचकावरून केला जातो. तिसरा कानडी 'एळ्ळु' म्हणजे तीळ या शब्दावरून.

पहिल्या उलगड्यात अर्थाची अडचण आहे. प्रत्येक अमावास्येस वेळ असते. हिलाच ते नाव का पडावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय येथील बोलीचे ध्वनिनियम लक्षात घेतले म्हणजे 'वेळ' हे रूप कसे निर्माण झाले हे सहज समजते. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत ए-काराच्या पूर्वी येणारा व्-कार य्-कारात परिणत होतो : वेस या शब्दाचा येस, वेल याचा येल, वेचणे याचे येचणे आणि वेळ याचा येळ होतो. त्याचबरोबर शब्दारंभीच्या शुद्ध ए-कारासही य्-कार चिकटतो : एक याचा येक, एरंड याचा येरंड. म्हणजे बोलीतील 'ये-' हे दोन निरनिराळ्या उगमांचे संगमस्थान आहे. शाळेत शिकलेला मनुष्य जेव्हा बोलीतील शब्द 'शुद्ध' करू लागतो, तेव्हा 'येस' चे 'वेस' हे त्याचे रूपांतर बरोबर ठरते. परंतु त्याच सवयीने तो 'येळ' चेही 'वेळ' करतो. भाषाशास्त्रात या प्रवृत्तीस अतिशुद्धीकरण म्हणतात. 'येळवस' म्हणजे 'येळ' आणि 'अवस' यांचा जोडशब्द. त्यातील 'अवस' चे अमावास्या आणि 'येळ' चे वेळ करून 'वेळ अमावास्या' सिद्ध झाली. पुढे पंचांगातील 'दर्श' हा शब्द तिच्यामागे येऊन बसला. दर्श म्हणजेच अमावास्या असल्यामुळे 'दर्श वेळा अमावास्या' या थोरल्या नावात एकच अर्थ दोनदा सांगितला गेला आणि मूळचा अर्थ मात्र एकदाही सांगितला गेला नाही.

उरले दोन कानडी उलगडे. कानडीत सात या अर्थाच्या 'एळु' मध्ये ए-कार दीर्घ आणि ळ-कार एकेरी आहे. तीळ या अर्थाच्या 'एळ्ळु' मध्ये ए-कार ऱ्हस्व आणि ळ-कार दुहेरी आहे. कानडी भाषकाचा या दोहोंत कधी घोटाळा होत नाही. मराठीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ ए-काराचा भेद नाही आणि द्वित्त ळ-कार टिकत नाही. तेव्हा दोन्ही शब्द मराठीच्या मुखात शिरताच 'येळ' असे एकरूप होतात. म्हणून केवळ मराठी रूपावरून निर्णय देणे शक्य नाही. तो शेजारच्या भाषेकडूनच घेतला पाहिजे. ती साक्ष स्पष्ट आहे. कानडी भाषक या सणास 'एळ्ळु अमावास्ये' म्हणतो आणि द्वित्तानेच लिहितो. म्हणजे त्याच्या दृष्टीने ही तिळाची अमावास्या आहे. सात या आकड्याचा उलगडा मराठी बाजूसच, मूळ द्वित्त हरवल्यानंतर सुचलेला दिसतो. त्याला गणिताचाही पाठिंबा दुबळा आहे. चैत्रापासून मोजले तर मार्गशीर्षाची अमावास्या नववी येते. ती सातवी ठरविण्यासाठी मोजणी ज्येष्ठापासून करावी लागते. पेरणीचा आरंभ ज्येष्ठात होतो म्हणून असे करता येईल हे खरे. परंतु उलगडा आधी ठरवून त्यासाठी मोजणीचा आरंभ शोधावा लागणे हे त्या उलगड्याच्या बळाचे लक्षण नव्हे.

येथे आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. रेणापूरची ग्रामदेवता रेणुका. रेणुकेचे कानडी नाव यल्लम्मा. आणि सणाचे नाव येळवस. तेव्हा या तिघांची सांगड घालून भूदेवीचा एक सलग इतिहास उभा करावा असे कोणासही वाटेल. रेणुका ही मृत्तिकारूप भूमाता होय हे प्रतिपादन रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात साधार केले आहे आणि शेतीच्या सणाशी त्याची संगती अर्थाच्या पातळीवर लागतेही. परंतु नावांच्या पातळीवर ती लागत नाही. यल्लम्मा या नावातील द्वित्त ल-कार दंत्य आहे, तिळाच्या नावातील मूर्धन्य. द्राविडी भाषांत हे दोन वर्ण स्वतंत्र आहेत आणि मराठीनेही ल आणि ळ यांचा भेद जपला आहे. ध्वनिसादृश्याचा धागा येथे तोडून टाकणेच इष्ट.

तिळाची अमावास्या म्हटल्यावर अर्थाच्या बाजूनेही अडचण उरत नाही. खरिपाचे तीळ या सुमारास घरात आलेले असतात. अमावास्येच्या पितृतर्पणात तिळास स्थान आहे. शीतकाळी स्निग्ध अन्नाची गरज असते. पुढे थोड्याच दिवसांत येणाऱ्या संक्रांतीस मराठी माणूस तिळगूळ वाटतो आणि कानडी माणूस 'एळ्ळु-बेल्ल', म्हणजे तीळ आणि गूळच, वाटतो. येळवशीच्या दिवशी शेतात नेल्या जाणाऱ्या पदार्थांत तिळाची पोळी असते. नावाने तीळ विसरला. ताटाने तो लक्षात ठेवला.

४

सणाचा विधी साधा आहे. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारतात. तिच्यात पाच दगड चुना आणि काव यांनी रंगवून मांडतात व त्यांना पाच पांडव म्हणून पूजतात. नैवेद्यानंतर आंबील आणि अन्न उभ्या पिकावर शिंपडीत, विशिष्ट आरोळी देत शेताला फेरी घालतात. मग कोपीपुढे पंगत बसते. कोणतेही मोठे पौरोहित्य येथे लागत नाही. शेतकरी आणि त्याची गृहिणी हेच यजमान आणि हेच पुजारी. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मिथकविषयक निबंधसंग्रहात महाराष्ट्रातील रानातल्या व बांधावरच्या दैवतांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची जी दृष्टी दिली, तिला येथे भरपूर वाव आहे. महाभारतातील वीरांची नावे या दगडांना मिळाली असली, तरी पूजेचा विषय शेत आणि पीक हाच आहे, हे विधीच्या प्रत्येक अंगावरून दिसते.

तिथीची निवड त्यास पुष्टी देते. डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या आरंभी ही अमावास्या येते. या वेळी रब्बी ज्वारी पोटरीत असते अथवा नुकती निसवत असते. हरभरा फुलावर किंवा घाट्यावर, तूर शेंगांनी लगडलेली आणि गहू वाढीत असतो. पीक 'पोटरीत' आहे ही भाषाच गर्भधारणेची आहे. गर्भिणीस तिच्या आवडीचे अन्न द्यावे, ही डोहाळजेवणामागील कल्पना येथे भूमीस लावलेली दिसते. कर्नाटकात आश्विन पौर्णिमेस 'भूमी हुण्णिमे' होते, तेव्हाही भूमी गर्भवती मानून तिला अन्न अर्पिले जाते. तेथील भात निसवण्याचा तो काळ होय. पीक बदलले तशी तिथी बदलली. कल्पना तीच राहिली.

या जेवणातील शब्दांचे परीक्षण केले असता एक महत्त्वाची गोष्ट आढळते. 'बिंदगी' म्हणजे कानडी 'बिंदिगे', पाण्याचे भांडे. बाजरीच्या पिठाचे 'उंडे' हे कानडी 'उंडे' म्हणजे गोळा या शब्दाचे सख्खे भावंड. ज्वारीस मराठीत जोंधळा, कानडीत जोळ, तेलुगूत जोन्न. परंतु प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे समजण्याचे कारण नाही. 'आंबील' हा शब्द संस्कृत 'अम्ल' आणि प्राकृत 'अंबिल' यांच्या वळणाचा, म्हणजे आर्यभाषाकुलातील आहे. कानडी आणि तेलुगू यांतील 'अंबलि' हे त्याचे नातलग. सणाचे नाव कानडीकडून आले आणि सणाच्या मुख्य पेयाचे नाव आर्यभाषांच्या बाजूने आले. कोणी कोणास काय दिले याचा जमाखर्च मांडून एका भाषेस ऋणको आणि दुसरीस धनको ठरविण्यापेक्षा, एकाच प्रकारच्या जमिनीवर एकच पीक घेणाऱ्या दोन भाषांच्या शेतकऱ्यांनी एक सामाईक अन्नभाषा घडविली, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल.

५

आता ताटाकडे वळू. ज्वारीचे पीठ शिजवून त्यात ताक, लसूण, जिरे आणि मीठ घालून केलेली आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची गुळातील खीर, तिळाची पोळी, आणि या सर्वांच्या मध्यभागी 'भज्जी'. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या व घेवड्याच्या शेंगा, भुईमूग, मेथी, कांद्याची पात, हिरवी मिरची, कोथिंबीर अशा त्या दिवसांत शिवारात असेल त्या सर्व भाज्या-दाण्यांना चिंचेच्या कोळात आणि हरभऱ्याच्या पिठात एकत्र शिजविले म्हणजे भज्जी होते. घरागणिक तिची चव निराळी लागते. आणि त्याचे कारण केवळ रांधणारीच्या हातात नसून शेतात काय पेरले आहे यात असते.

म्हणूनच भज्जी ही शिवाराची यादी आहे असे म्हणता येईल. रब्बीची जुनी पेरणी मिश्र असे. ज्वारीच्या रानात हरभऱ्याच्या आणि जवसाच्या ओळी, धुऱ्याकडेने काटेरी करडईचे पाटे, म्हणजे जनावरांना आपोआप अटकाव. खरिपात तुरीबरोबर मूग, उडीद, तीळ, कारळ आणि अंबाडी. या मिश्रणाचे प्रयोजन रुचिवैचित्र्य हे नव्हते. ते विम्याचे होते. एक पीक बुडाले तर दुसरे तारील, उथळ मुळांचे पीक वरची ओल घेईल आणि खोल मुळांचे खालची, कडधान्य जमिनीस कस देईल आणि ज्वारी माणसास दाणा व बैलास कडबा देईल, असा तो हिशोब होता. कडब्यावर बैल, बैलाच्या शेणखतावर जमीन आणि जमिनीवर पुन्हा ज्वारी, हे चक्र फिरत असे. उरलेला दाणा पेवात उतरे. जमिनीत खोदलेले, आतून शेणामातीने लिंपलेले आणि तोंड बंद केलेले हे कोठार, कानडीत ज्यास हगेवु म्हणतात, दुष्काळाच्या वर्षाची तरतूद होय. काम अडले म्हणजे इर्जिक घातली जाई : शेजारी आपापली औते घेऊन येत आणि धनी त्यांना जेवू घाली. बैल कमी पडले तर सावड होई. आज ज्या जीवनपद्धतीस शाश्वत असे नाव देऊन तिचे गुणगान केले जाते, तिची ही प्रत्यक्ष यंत्ररचना होती.

परंतु तिचे चित्र रंगविताना अभ्यासकाने भाबडेपणा टाळला पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तो या व्यवस्थेचा गौरव करण्यासाठी नव्हे, तर तिच्यातील ओढाताण आणि जातिबद्ध बलुत्याचे ओझे दाखविण्यासाठीही होय. खळ्यावरील वाटा मिळत असे, पण तो कोणास किती आणि कोणत्या मानापमानासह मिळे हे जन्मावर ठरे. येळवशीच्या पंगतीस भूमिहीनास बोलावणे असे, ही गोष्ट खरी; बोलावणाऱ्यापाशी जमीन होती आणि येणाऱ्यापाशी नव्हती, ही गोष्टही तितकीच खरी. आणि ज्या भोजनाची सारे स्तुती करतात त्यासाठी आदल्या दिवसापासून निवडणे, दळणे, भिजविणे आणि पहाटेपासून रांधणे हे स्त्रियांच्या वाट्यास येत असे आणि आजही येते. स्थानिक अन्नाचा इतिहास हा श्रमविभागणीचाही इतिहास असतो.

६

दुसरा भाबडेपणा असा की, हे ताट अनादि कालापासून जसेच्या तसे चालत आले असे मानावे. वस्तुतः त्यातील कितीतरी घटक पाहुणे आहेत. तीळ हा भारतीय उपखंडातला आणि त्याचे जळालेले दाणे हडप्पा येथील उत्खननात सापडलेले आहेत. परंतु ज्वारी आणि बाजरी ही मूळची आफ्रिकेतील धान्ये असून ती काही सहस्र वर्षांपूर्वी येथे आली. मिरची आणि भुईमूग हे अमेरिका खंडांतून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या दळणवळणातून आले. मिरचीवाचून आजची भज्जी कल्पनेतही आणता येत नाही. तेव्हा 'स्थानिक' याचा अर्थ 'मूळचे' असा घेता येत नाही. जे पीक शेतात आले, चुलीवर चढले, ज्याचा पाला जनावराने खाल्ला आणि ज्याचे नाव बोलीत रुळले, ते स्थानिक झाले. स्थानिकता हा जन्माचा दाखला नसून नांदण्याचा आहे.

ही कसोटी हाती घेऊन गेल्या शतकाकडे पाहता बदलांचे स्वरूप अधिक नेमके कळते. बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग १९११ साली लातूरला पोहोचला आणि १९१७ साली तेथे गंजगोलाईची बांधणी झाली. गोलाईभोवती भरलेल्या पेठेने मांजरेच्या खोऱ्यातील तेलबिया, कापूस आणि डाळी दूरच्या बाजारास जोडल्या. शेतकरी विकण्यासाठी पेरू लागला. परंतु तो जे विकत होता तेच खातही होता. तूर, भुईमूग, करडई यांचा एक वाटा पेठेस जाई आणि एक घरी राही.

१९६४ साली सी. एस. एच. १ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला आणि खरिपात बुटकी, भरघोस उतारा देणारी 'हायब्रीड' आली. लोकांनी तिची भाकरी केली, पण मोहोळच्या मालदांडीची सर तिला येत नाही असे म्हणतच. १९७२ च्या दुष्काळाने पेवे रिकामी पाडली. त्या साली दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशातून आलेल्या लाल 'मिलो'ची भाकरी थापावी लागली. मिलो म्हणजेही ज्वारीच. पण ती ज्वारी आपली नव्हे, हे त्या पिढीने जिभेने ठरविले आणि आजही त्या पिढीच्या बोलण्यात 'मिलो' हा शब्द केवळ धान्याचा नव्हे तर त्या काळाचा वाचक आहे. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण तेथून आले. दरम्यान स्वस्त धान्याच्या दुकानातून गहू आणि तांदूळ घरोघर पोहोचला. उपासमार टळली, हा लाभ लहान नव्हे. पण भाकरी रोजच्या ताटातून हळूहळू मागे सरली.

यानंतरचा मोठा बदल सोयाबीनचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हे पीक लातूरच्या खरिपात पसरले आणि आज ते जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक आहे. त्याचा दोष काढणे सोपे आहे. पण ते शेतकऱ्याने का स्वीकारले हे समजून घेतले पाहिजे. सुमारे शंभर दिवसांत ते निघते, गोलाईच्या पेठेत त्याचे रोख पैसे होतात, आणि रान मोकळे झाल्यावर त्यात हरभरा घेता येतो. मूग, उडीद, तीळ आणि खरीप ज्वारी यांना त्याने जागेवरून उठविले ते या गुणांमुळे. तथापि वरील कसोटी त्याला लावली असता एक फरक उघड होतो. मिरची आणि भुईमूग शेतात आले तसे चुलीवरही चढले. सोयाबीन शेतात आले, पण घराच्या उंबऱ्याबाहेरून थेट तेलगिरणीकडे गेले. भज्जीत त्याला स्थान मिळालेले नाही; ज्वारीच्या कडब्यासारखी वैरण त्यातून मिळत नाही. कडबा घटला तसे बैल घटले, बैल घटले तसे शेणखत घटले आणि नांगरटीसाठी ट्रॅक्टरचे भाडे रोखीने द्यावे लागले. एका पिकाच्या बदलाने जुन्या चक्राचे तीन आरे निखळले.

उसाची कथा थोडी वेगळी. मांजरेच्या आणि रेणेच्या पाण्यावर तो वाढला, आणि रेणापूर तालुक्यातच निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले हे नाकारता येत नाही. परंतु ज्या भूमीचे सारे शहाणपण ओलीच्या काटकसरीचे होते, तिच्यावर वर्षभर पाणी मागणारे पीक उभे राहिले. त्याच्या जोडीला लागोपाठची अवर्षणे आली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या लातूरला शंभर वर्षांपूर्वी रेल्वे आली ती येथील धान्य बाहेर नेण्यासाठी. त्याच लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणण्याची पाळी यावी, हा इतिहासातील विचार करावयास लावणारा फेरफार होय.

७

येळवस मात्र ओसरलेली नाही. उलट, पुण्या-मुंबईस नोकरी करणारे त्या दिवशी गावी येतात, शहरातील स्नेह्यांना शेतावर बोलावले जाते आणि लातूरचे रस्ते त्या दिवशी निर्मनुष्य होतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा ज्वारी-बाजरीची प्रतिष्ठा सभा-समारंभांतून वाढली. २०२४ साली लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ही तिन्ही नावे भज्जीच्या घटकांतलीच आहेत, हा योगायोग नव्हे : जे अन्न या भूमीत नांदले तेच तिची ओळख म्हणून बाहेर ओळखले गेले.

तरी सणाचा उत्साह आणि सणाचा आशय यांत फरक करणे हे अभ्यासकाचे काम आहे. आज अनेक घरांतील भज्जीचा वाटाणा, वालाच्या शेंगा आणि तीळ हे आदल्या दिवशी बाजारातून विकत आणलेले असतात. येळवशीच्या आधीचा लातूरचा भाजीबाजार या खरेदीने फुलून जातो. जे अन्न शेतातून घरी यावयाचे ते पेठेतून घरी आणि घरून शेतात जाते. विधी तोच, पदार्थ तेच, आरोळीही तीच. पण यादी आता शिवाराची राहिलेली नाही. ज्या शेतात ती भज्जी वाढली जाते त्या शेताकडे पाहून तिच्यातील घटक मोजता येत नाहीत.

भाषेच्या अभ्यासकास यात एक परिचित प्रक्रिया दिसते. शब्दाचा मूळ अर्थ विसरला गेला तरी शब्द चालू राहतो. 'येळ'मधील तीळ विसरला गेला आणि तिथे 'वेळ' येऊन बसली, तरी सणाचे काही बिघडले नाही, कारण तीळ शेतात आणि ताटात होता. नावाच्या विस्मरणाने होणारी हानी अल्प असते, ती कोशातून भरून काढता येते. वस्तूच्या विस्मरणाने होणारी हानी तशी भरून येत नाही. ज्वारीच्या रानातील जवसाची ओळ, धुऱ्यावरील करडईचा पाटा, अंबाडीचा वाख, कारळाची चटणी, पेव लिंपण्याची रीत, इर्जिकीचा शिरस्ता यांपैकी प्रत्येकाबरोबर शब्दांचा एक समूह आणि कामाचे एक ज्ञान जोडलेले आहे. हे ज्ञान ज्यांना हाताने अवगत आहे ती पिढी आज वृद्ध आहे.

म्हणून या परिसरातील भाषा, इतिहास आणि शेती या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांपुढे एक निश्चित काम उभे आहे. रेणापूर तालुक्यातील गावोगावच्या येळवशीच्या ताटाची घटकवार नोंद, त्यातील प्रत्येक घटक स्वतःच्या शेतातला की बाजारातला याचा तपशील, आणि त्या घटकांची स्थानिक नावे असे त्रिविध संकलन झाले, तर त्यातून एका सणाचे वर्णन मिळेल एवढेच नव्हे. पीकबदलाचा असा आलेख मिळेल जो महसुली दप्तरात सापडत नाही. हे काम करण्यासाठी वर्षातून एक दिवस सारे शिवार स्वतःहून जमते आणि अनोळखी माणसासही जेवावयास बसविते. अभ्यासकाने तेथे जावे, जेवावे, आणि भज्जीत काय काय आहे हे रांधणाऱ्या गृहिणीस विचारून टिपून घ्यावे. शेतात काय उरले आहे याचे उत्तर त्या यादीतच मिळेल.